एण्डोमेट्रिऑसिस : रक्ततपासणीचा अहवाल काय सांगतो, काय सांगत नाही

मासिक पाळीच्या काळात थोडेफार दुखणे स्वाभाविक मानले जाते. परंतु दर महिन्याला अंथरूण धरावे लागणे, शाळा, शेतातील काम वा नोकरी बुडणे हे स्वाभाविक नव्हे. आपल्या कोल्हापूर परिसरात अशा मुलीला अजूनही ‘लग्न झाले, मूल झाले की थांबेल’ असे सांगून गप्प केले जाते. अशा वेदनेमागे एण्डोमेट्रिऑसिस हा विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना तो असतो.

विकाराचे स्वरूप

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखी पेशीजाले या विकारात गर्भाशयाबाहेर, म्हणजे बीजांडकोशावर, गर्भनलिकांवर वा ओटीपोटातील आवरणावर वाढतात. पाळीच्या चक्राबरोबर त्यांतूनही रक्तस्राव होतो. त्या रक्ताला बाहेर पडण्यास वाट नसल्याने तेथे दाह निर्माण होतो, व्रण पडतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. दाहाच्या ठिकाणी जमलेल्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-६ सारखी रसायने सोडतात. ती यकृतापर्यंत पोहोचली की यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन (सीआरपी) तयार करते.

हृदयाशी संबंध

दीर्घकाळ चाललेला दाह रक्तवाहिन्यांच्या आतील स्तरास इजा करतो. एलडीएल हे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल अशा ठिकाणी सहज शिरते व साचते. अमेरिकेत १,१६,४३० परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. एण्डोमेट्रिऑसिस असलेल्या स्त्रियांत हृदयरोहिणीच्या विकाराचे प्रमाण ६२ टक्क्यांनी अधिक आढळले. चाळिशीपर्यंतच्या वयात ते सुमारे तिप्पट होते. या वयात हृदयविकार मुळातच विरळ असल्याने घाबरण्याचे कारण नाही. दुर्लक्ष मात्र करू नये. या वाढीव धोक्याचा सुमारे ४२ टक्के भाग गर्भाशय वा बीजांडकोश काढण्याच्या, त्याही कमी वयात झालेल्या शस्त्रक्रियांशी निगडित दिसला. म्हणून ‘पिशवी काढून टाका’ हा निर्णय घाईने घेण्याचा नव्हे.

भारतीय स्त्रियांमधील या विकाराचा अभ्यास मुंबईत परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बालस्वास्थ्य संशोधन संस्थेने अन्य केंद्रांच्या साहाय्याने हाती घेतला, ही समाधानाची बाब होय.

अहवाल कसा वाचावा?

लिपिड प्रोफाइलमध्ये दर डेसिलिटरमागे एकूण कोलेस्टेरॉल २०० मिलिग्रॅमपेक्षा कमी, एलडीएल १०० पेक्षा कमी, ट्रायग्लिसराइड १५० पेक्षा कमी आणि एचडीएल हे ‘चांगले’ कोलेस्टेरॉल स्त्रियांत ५० पेक्षा अधिक असावे. अतिसंवेदनशील पद्धतीने मोजलेले सीआरपी दर लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी असल्यास हृदयविकाराचा धोका कमी, ३ पेक्षा अधिक असल्यास जास्त समजतात. ते १० च्या पुढे गेल्यास ताप, जंतुसंसर्ग वा अन्य कारण शोधून काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे.

येथे एक गोष्ट ध्यानी ठेवावी. या तपासण्यांनी एण्डोमेट्रिऑसिसचे निदान होत नाही. लठ्ठपणा, मधुमेह, साधा संसर्ग यांनीही हे आकडे वाढतात. उलट विकार असूनही ते सर्वसाधारण राहू शकतात. सीए-१२५ या तपासणीलाही हीच मर्यादा आहे. म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग तुला काही झालेले नाही’ असे म्हणून रुग्णेची वेदना नाकारणे सर्वथा अयोग्य होय. निदान लक्षणांचा इतिहास, शारीरिक तपासणी, सोनोग्राफी वा एमआरआय आणि आवश्यकतेनुसार लॅपरोस्कोपीने होते.

उपचार चालू असताना

काही औषधांचा रक्तातील स्निग्धांशांवर परिणाम होतो. पूर्वी बहुप्रचलित असलेल्या डॅनाझोलमुळे एचडीएल घटते व एलडीएल वाढते. रजोनिवृत्तीपूर्वी दोन्ही बीजांडकोश काढल्यास इस्ट्रोजेनचे संरक्षण जाते. म्हणून निदान झालेल्या रुग्णेने रक्तदाब, रक्तशर्करा व लिपिड प्रोफाइल कधी व किती वेळा तपासावे, हे आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

आहारात पालेभाज्या, कडधान्ये, जवस व मासे असावेत. मिसळीवरील कट आणि पुन्हा पुन्हा तापविलेले तेल बेताने असावे. रंकाळ्याच्या काठाने असो वा शेताच्या बांधावरून, रोज अर्धा तास भरभर चालावे. तंबाखू व मिश्री पूर्ण वर्ज्य करावी.

घरातील मुलगी दर महिन्याला वेदनेने तळमळत असेल, तर तिचे म्हणणे ऐकून घ्यावे आणि तिला वेळीच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे, ही सर्व पालकांना नम्र विनंती.