मित्राचे ताट आणि आपले ईमान



आपल्या गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील गोठणगावजवळ, १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. समजा, तेथील एक मित्र ईदला आपल्या घरी येऊन शीरखुर्मा खाऊन गेला आणि आता लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाला, त्याने आपल्याला जेवायला बोलावले आहे. अशा वेळी ‘पोट ठीक नाही’ किंवा ‘गावाला जायचे आहे’ अशी सबब सांगण्याचा मोह होतो. हराम टाळण्यासाठी असत्याचा आधार घ्यावा, ही शिकवण मात्र इस्लामची नाही.

हजरत इब्राहीम (अ.) यांच्याकडे अनोळखी पाहुणे आले, तो प्रसंग दिव्य कुरआनात सूरह जारियातमध्ये आहे. त्यांनी पाहुण्यांचा धर्म विचारला नाही. गुपचूप घरात जाऊन उत्तम भोजन आणले. पाहुण्यांनी हात लावला नाही, तेव्हा मुखातून निघाला तो केवळ सौम्य प्रश्न. मग मनात भीती दाटली. यातून यजमानाने बोध घ्यावा. मित्र मांस खात नसेल, तर आग्रह करून त्याला संकोचात टाकू नये. काय चालते ते आधीच विचारावे आणि त्याचे अन्न वेगळ्या भांड्यात शिजवावे.

पाहुणा म्हणून कसे वागावे, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी दाखविले. हजरत मैमूना (र.) यांच्या घरी वाळवंटी सरड्याचे मांस वाढले गेले. प्रेषितांनी हात मागे घेतला. हे हराम आहे काय, असे विचारले असता, तसे नाही, आपल्या लोकांच्या भूमीत हे आढळत नाही, म्हणून मन घेत नाही, असे त्यांनी सांगितले. हजरत खालिद (र.) यांनी मात्र तेथेच ते खाल्ले. या प्राण्याविषयी फिकहच्या इमामांत मतभेद आहेत. येथे बोध घ्यायचा तो वर्तनाचा. कारण खरे सांगितले, अन्नाला नावे ठेवली नाहीत, दुसऱ्याचा घास अडवला नाही.

म्हणून मित्राच्या घरी तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. पहिली, हराम : मद्य आणि शरीअतनुसार जबह न केलेले मांस. त्याला नम्र पण स्पष्ट नकार द्यावा, आणि तो ताटावर बसल्यावर नव्हे, निमंत्रण स्वीकारतानाच सांगावा. दुसरी, नावड : ती मौनाने बाजूला ठेवावी. तिसरी, केवळ अपरिचित : मीठ-लोण्याचा चहा, भाजी भरलेले मोमो. भांडी स्वच्छ असतील आणि आत निषिद्ध काही नसेल, तर हे बिस्मिल्लाह म्हणून खावे. स्वागताचा पांढरा खता गळ्यात घातला, तर तो आदराचा शेला म्हणून स्वीकारावा. पूजाविधीत सहभाग मात्र घेऊ नये. तेही प्रेमाने सांगता येते.

तिबेटी समाजाला मुस्लिम शेजार नवा नाही. ल्हासामध्ये काश्मिरी मूळ असलेले मुस्लिम शतकानुशतके राहिले. सतराव्या शतकात पाचव्या दलाई लामांनी त्यांना जमीन दिली, असे त्यांची परंपरा सांगते. आपले नियम पाळूनही ते तेथे परके राहिले नाहीत.

सूरह मुम्तहिनाच्या आठव्या आयतीत अल्लाहने, जे धर्मावरून आपल्याशी लढले नाहीत आणि ज्यांनी आपल्याला घरातून हाकलले नाही, त्यांच्याशी सद्वर्तन व न्याय करण्यास मुभा दिली आहे. तेव्हा सबब सांगू नका. खरे सांगा आणि मित्राच्या घरी जा. तुमचा स्पष्ट नकारही त्याला तुमच्या दीनची ओळख करून देईल. खोटी सबब मात्र केवळ दुरावा निर्माण करील.

अल्लाह आम्हा सर्वांना सत्य आणि सौजन्य एकत्र सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.