श्रवण ताऱ्याची गिरकी

सप्टेंबर महिन्यात रात्री नऊच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर पाहा. एका ओळीत तीन तारे दिसतील. मधला ठळक तो श्रवण; दोन बाजूंचे मंद तारे म्हणजे त्याच्या कावडीतील आईबाप, असे आपल्याकडे सांगतात. तो आपल्यापासून सुमारे १७ प्रकाशवर्षे दूर आहे. सूर्याच्या विषुववृत्ताला स्वतःभोवतीच्या एका फेरीस सुमारे २५ दिवस लागतात. श्रवणाला किती लागत असतील?

आपणच गणित करू. श्रवणाची विषुववृत्तीय त्रिज्या सूर्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे १४ लाख कि.मी. आहे. परीघ आला ८८ लाख कि.मी. तेथील वेग सेकंदाला सुमारे ३०० कि.मी. भागाकार करा : सुमारे २९,३०० सेकंद, म्हणजे आठ तासांहून थोडे अधिक! तुमची एक झोप होते तोवर एवढा प्रचंड गोळा एक गिरकी पुरी करतो.

पण मोठ्या दुर्बिणीतूनही जो ठिपकाच दिसतो, त्याचा हा वेग कळला कसा? ताऱ्याची एक कड आपल्याकडे येत असते, दुसरी दूर जात असते. डॉपलर परिणामामुळे एकीकडच्या प्रकाशाची तरंगलांबी घटते, दुसरीकडच्या प्रकाशाची वाढते. दोन्ही प्रकाश एकत्रच येत असल्याने वर्णपटातील काळ्या रेषा रुंद होतात. मात्र यातून मिळतो तो वेगाचा आपल्या दिशेचा घटक. श्रवणाचा अक्ष तिरपा असल्याने तो सुमारे २४० कि.मी.च भरतो.

आता बल पाहू. श्रवणाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.८ पट आहे. विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण येते सेकंदवर्गाला सुमारे १२३ मीटर. वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागले की केंद्रोत्सारी त्वरण मिळते सुमारे ६४ मीटर. म्हणजे निम्मे गुरुत्व गिरकीतच खर्ची पडते! (सूर्यासाठी हेच करून पाहा, वेग सेकंदाला २ कि.मी. घ्या.) मग तारा गोल कसा राहील? त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ध्रुवीय त्रिज्येपेक्षा सुमारे पाव हिश्शाने मोठी आहे.

हे नुसते गणित नाही. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर दूरदूर ठेवलेल्या चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करून शास्त्रज्ञांनी श्रवणाची प्रतिमा मिळवली. ती २००७ साली प्रसिद्ध झाली. मुंबईहून कलकत्त्याचे अडीच सेंटीमीटरचे नाणे पाहण्यासारखेच हे काम. प्रतिमेत तारा चपटा तर दिसलाच, पण ध्रुवाकडे तेजस्वी आणि विषुववृत्ताकडे मंदही दिसला. ध्रुवावर तापमान सुमारे ८,४५० केल्व्हिन, विषुववृत्तावर ६,८६० केल्व्हिन. गुरुत्व कमी तेथे पृष्ठभाग थंड, असे फॉन झाइपेल यांनी १९२४ सालीच दाखवले होते. गंमत अशी, की विषुववृत्ताचे तापमान त्यांच्या नियमाशी नेमके जुळले नाही.

श्रवणाच्या उत्तरेला अभिजित हा आणखी तेजस्वी तारा दिसतो. त्याच्या वर्णरेषा अरुंद आहेत, म्हणून तो संथ मानला जाई. २००६ साली उलगडा झाला : त्याचा ध्रुवच जवळजवळ आपल्याकडे वळलेला आहे. फिरणाऱ्या भोवऱ्याकडे बरोबर वरून पाहिले, तर त्याची कुठली कड तुमच्याकडे येईल?