रेल्वे आमची पाइपलाइन हलवू शकते का?

प्रश्न : परळीकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेमार्गाचा भराव आमच्या शिवारातून जाणार आहे. माझ्या विहिरीची पाइपलाइन आणि गावाची नळयोजना, दोन्ही आडव्या येतात. आम्ही 'नाही' म्हटले तरी रेल्वे त्या हलवू शकते का?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : हो, हलवू शकते. रेल्वे कायदा, १९८९ चे कलम ११ रेल्वेला रस्ते, ओढे, कालवे, गटारे, विजेच्या तारा यांच्यावरून किंवा खालून बांधकाम करू देते. ओढ्याचा प्रवाहही वळवता येतो. पाइप आणि वीजवाहिनी हलवण्याचा अधिकार कलम १२ मध्ये आहे. १८९० च्या जुन्या कायद्यातही तो होताच.

पण कामाला हात घालण्याआधी रेल्वेने नोटीस द्यायला हवी, आणि तीत काम केव्हा सुरू होणार ते हवे. नळयोजनेची नोटीस ग्रामपंचायतीला. तुमची पाइपलाइन तुमच्या ताब्यात आहे, म्हणून तिची नोटीस तुम्हाला. ठेकेदाराच्या मुकादमाने बांधावर येऊन तोंडी सांगितले, याला नोटीस म्हणत नाहीत. नोटीस किती दिवस आधी द्यायची, हे मात्र कलमात नाही. उभ्या पिकाला पाणी चालू असताना चार दिवसही फार असतात, त्यामुळे ही उणीव मला गंभीर वाटते. दुसरी अट तुमच्या बाजूची आहे : काम नोटीस मिळालेल्याचे वाजवी समाधान होईल असेच करावे लागते. पाइपचा व्यास, खोली, भरावाखालचे संरक्षण यांबद्दलच्या तुमच्या अपेक्षा आताच लेखी द्या.

हाच भराव राज्य सरकारच्या ताब्यातल्या रस्त्याला किंवा इमारतीला भिडला, तर नियम बदलतो. कलम १३ प्रमाणे तिथे राज्याची संमती लागते. सरकारला संमतीचा हक्क आणि शेतकऱ्याला केवळ नोटीस, हा भेद मला न्याय्य वाटत नाही. पण आज कायदा असा आहे.

नुकसान झाले तर कलम १५ पाहा. भरपाईसाठी दिवाणी दावा लावता येत नाही, मात्र रेल्वेने भरपाई द्यायलाच हवी. रक्कम कमी वाटली तर रेल्वेने तो वाद जिल्हा न्यायाधीशांकडे पाठवायचा असतो, आणि त्यांचा निर्णय अंतिम. वाद सुरू झाल्यापासून ६० दिवसांत तिने तो पाठवला नाही, तर तुम्ही स्वतः न्यायाधीशांकडे अर्ज करू शकता. त्यासाठी हरकत तारखेसह लेखी नोंदवा, पोच घ्या आणि खोदाईआधी पाइपलाइनचे फोटो काढून ठेवा.