दगडावर तारीख नसते, मग वय कळतं कसं?

२०२५ च्या मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे फ्रान्सला आले. पॅरिस दोन दिवसांत उरकलं, कारण बाबांना गर्दीचा कंटाळा. मग गाडी काढली आणि ब्रिटनीच्या खेड्यापाड्यांतून हिंडलो. बाबा सांगलीकडे शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण 'कशावरून?' हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कार्नाकला तीन हजारांहून जास्त उभे दगड रांगांमध्ये लावलेले आहेत. मेनेक, केरमारियो आणि केरलेस्कां असे मुख्य गट. एका टोकापासून चालायला लागलं की जवळजवळ चार किलोमीटर दगडच दगड. तिथली दंतकथा अशी, की संत कोर्नेली यांच्या मागे लागलेलं रोमन सैन्य त्यांनी जागच्या जागी दगड करून टाकलं. आई लगेच म्हणाली, "आपल्याकडे वऱ्हाडाचे दगड होतात, इथे सैन्याचे." मी मात्र शास्त्रज्ञाच्या थाटात सांगितलं, की हे दगड साडेसहा हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

"कशावरून? दगडावर तारीख आहे का?"

"अहो बाबा, कार्बन डेटिंग करतात."

"अगं पण हा ग्रॅनाइट. ह्यात कार्बन कुठला?"

माझं रोजचं काम समस्थानिकं मोजण्याचं आहे, आणि मी गप्प बसले. बाबांचं अगदी बरोबर होतं. ग्रॅनाइटचं स्वतःचं वय काढता येतं, पण ते निघतं काही कोटी वर्षांचं. तो खडक जमिनीखाली थिजला तेव्हाचं. माणसाने तो उभा कधी केला, हे खडकाला माहीत नसतं. पुढचे चार-पाच दिवस आमची सहल याच प्रश्नाभोवती फिरली. म्हणून हा लेख.

आधी कार्बनचं घड्याळ. अंतराळातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात कार्बन-१४ सतत तयार होत असतो. प्रमाण अगदीच क्षुल्लक: साधारण १ वर १२ शून्यं, इतक्या कार्बन अणूंमागे एक. झाड हवेतून कार्बन घेतं, आपण झाड खातो, त्यामुळे जिवंत असेपर्यंत सगळ्यांच्या अंगात हे प्रमाण हवेइतकंच राहतं. मेल्यावर आवक बंद होते आणि शिल्लक साठा आटायला लागतो. दर ५७३० वर्षांनी निम्मा. म्हणजे साडेसहा हजार वर्षांपूर्वी विझलेल्या शेकोटीच्या कोळशात मूळच्या सुमारे ४६ टक्के कार्बन-१४ उरलेला असतो. बाबांनी हा हिशोब गाडीत मागच्या सीटवर बसून मोबाइलवर करून पाहिला, मगच मान डोलावली. विलर्ड लिबी यांनी ही पद्धत १९४९ मध्ये मांडली आणि १९६० मध्ये त्यांना तिच्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तेव्हा तारीख निघते ती कोळशाची, हाडाची, बियाण्याची. दगड उभा करताना आधी खड्डा खणतात आणि दगड बसवला की बाजूने बारीक दगड ठोकून तो पक्का करतात. त्या खड्ड्यात, त्या भरावात जे सेंद्रिय सापडेल तेच साक्षीदार. ब्रिटनीत ह्या साक्षीदारांचीच वानवा आहे. ग्रॅनाइटवरची माती आम्लधर्मी असते, तिच्यात हाडं विरघळून जातात. कोळसा टिकतो, पण त्याच्याही खोड्या असतात. तीनशे वर्षं जगलेल्या ओकच्या गाभ्यातलं लाकूड जाळलं असेल, तर तो गाभा आधीच तीनशे वर्षांपूर्वी 'मेलेला' असतो. कोळसा खरंच बोलतो, पण भलत्याच वर्षाबद्दल. म्हणून उत्खनन करणारे बारीक फांद्यांचा किंवा हेझलनटच्या जळक्या टरफलांचा कोळसा शोधतात. टरफल एकाच हंगामाचं असतं.

आणखी एक भानगड आहे आणि ती तुम्हाला तिथे गेल्यावर स्वतः शोधता येईल. कार्नाकचे बरेच दगड गेल्या दीड शतकात पुन्हा उभे केलेले आहेत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाशारी ल रुझिक या स्थानिक पुरातत्त्वज्ञाने आडवे पडलेले दगड उभे केले आणि त्या दगडांच्या बुडाशी तांबूस सिमेंटची छोटी खूण बसवून ठेवली. अशा दगडाखालचा कोळसा काय कामाचा? पण माणूस प्रामाणिक. पुढच्यांची फसगत होऊ नये म्हणून आपणच केलेल्या दुरुस्तीवर खूण करून गेला. आई खाली वाकून वाकून त्या खुणा मोजत होती. अठ्ठावीसवर थांबली.

आम्ही परत आलो आणि पुढच्याच महिन्यात कार्नाकजवळच्या प्लुआर्नेल गावातल्या ल प्लास्केर या उत्खननाचा शोधनिबंध आला. तिथल्या रांगा इ.स.पू. ४६०० ते ४३०० या काळातल्या ठरल्या. आधार हाच: दगडांच्या खड्ड्यांतून आणि जवळच्या चुलींतून काढलेला कोळसा, आणि एक-दोन नव्हे, तर डझनावारी नमुने. एकटा नमुना खोटं बोलू शकतो, पन्नास नमुने मिळून एकच खोटं बोलणं अवघड.

आता गोष्ट चर्चची, आणि माझ्या मते ह्या सगळ्यातला सर्वात सुरस भाग हाच. ब्रिटनीतल्या जुन्या चर्चमध्ये शिरलं की पर्यटक काचचित्रं बघतात. तुम्ही वर बघा. छताचा ओकचा सांगाडा हा मोठाच दस्तऐवज आहे. ओक दर वर्षी एक वलय वाढवतो, पावसाळी साली जाड, कोरड्या साली बारीक. जाड-बारीक वलयांचा हा क्रम एका प्रदेशातल्या सगळ्या ओकांमध्ये साधारण सारखाच असतो. आजच्या जिवंत झाडाची आतली वलयं दोनशे वर्षांपूर्वीच्या घराच्या तुळईच्या बाहेरच्या वलयांशी जुळतात, त्या तुळईची आतली वलयं त्याहून जुन्या चर्चच्या वाशांशी, आणि अशी साखळी मागे मागे जाते. पेन्सिलीएवढ्या जाडीचा नमुना तुळईतून काढला की पुरतो. सालीखालचं शेवटचं वलय शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं, कधी कधी ऋतूसुद्धा. मध्ययुगात ओक ओला असतानाच तासून वापरत, त्यामुळे तोडणीचं वर्ष आणि बांधकामाचं वर्ष यांत फारसं अंतर नसतं.

बाबा म्हणाले, "हे कार्बनपेक्षा बरं. सरळ मोजणी."

आणि नेमक्या याच सरळ मोजणीने कार्बनच्या घड्याळाची चूक पकडली. लिबी यांनी गृहीत धरलं होतं, की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पूर्वापार तेवढंच आहे. पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र क्षीण झालं की वैश्विक किरणं जास्त आत येतात आणि कार्बन-१४ जास्त बनतो. सूर्याच्या हालचालींचाही परिणाम होतो. हान्स झ्यूस आणि इतरांनी १९६० च्या दशकात वलयं मोजून वय पक्कं ठाऊक असलेल्या लाकडातला कार्बन-१४ मोजला, तेव्हा दिसलं की जुन्या काळाकडे जावं तसं हे घड्याळ वय कमी दाखवतं. घड्याळ '५००० वर्षं' म्हणतं तेव्हा सरळ वजाबाकीने इ.स.पू. ३०५० च्या आसपासचं साल निघतं. झाडांच्या हिशोबाने ते असतं इ.स.पू. ३८०० च्या आसपास. सातशे वर्षांचा फरक! आज युरोपातल्या ओक आणि पाइनची ही साखळी १२ हजार वर्षांच्याही मागे गेली आहे आणि कार्बनची प्रत्येक तारीख तिच्यावरून दुरुस्त करून घेतात.

सातशे वर्षांनी एवढं काय बिघडतं? बरंच बिघडलं. गॉर्डन चाइल्डसारख्या मोठ्या अभ्यासकांचीही समजूत अशी होती, की पश्चिम युरोपातल्या दगडी थडग्यांची कल्पना पूर्वेकडच्या सुधारलेल्या समाजांकडून समुद्रमार्गे आली. इजिप्त आणि एजियन समुद्रातले लोक गुरू, अटलांटिकच्या काठावरचे शेतकरी शिष्य. कार्बनच्या पहिल्या तारखांनीच ह्या मांडणीला तडा गेला आणि दुरुस्त तारखांनी ती मोडलीच. कॉलिन रेन्फ्रू यांनी १९७३ मध्ये या उलथापालथीवर पुस्तकच लिहिलं.

याचा सर्वात ठळक पुरावा आम्ही उत्तर किनाऱ्यावर पाहिला, मोर्ले गावाजवळ. बारनेने. समुद्राकडे तोंड करून दगडांची एक प्रचंड रास आहे, ७० मीटरच्या पुढे लांब, पायऱ्यापायऱ्यांची, आणि तिच्या पोटात अकरा कोठड्या. १९५० च्या दशकात एका रस्ते-कंत्राटदाराने ती रास म्हणजे फुकटची खाण समजून दगड उपसायला सुरुवात केली. शेजारची लहान रास संपवलीच. मोठ्या राशीच्या काही कोठड्या उभ्या कापल्या गेल्या तेव्हा आत काय आहे ते लोकांना दिसलं. काम थांबवलं आणि १९५५ पासून पियेर-रोलां जिओ यांनी तिथे उत्खनन केलं. आज त्या राशीचा सर्वात जुना भाग इ.स.पू. ४५०० च्या आसपासचा मानतात. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २६०० च्या आसपासचा. म्हणजे शिष्य गुरूच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी जन्मला होता. कंत्राटदाराने कापलेली ती बाजू आजही तशीच उघडी आहे. पोट चिरल्यासारखी दिसते. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

दगडांचा पुनर्वापर मात्र फक्त कंत्राटदारच करत नाहीत. मॉर्बिहां आखातातल्या गाव्रिनी बेटावरच्या थडग्याच्या छताला एक भलीमोठी शिळा आहे. १९८४ मध्ये शार्ल-तांगी ल रू यांनी तिची वरची बाजू मोकळी केली तेव्हा तिच्यावर एका शिंगवाल्या प्राण्याचं अर्धवट कोरीवकाम दिसलं. उरलेला प्राणी सुमारे चार किलोमीटर दूर लोकमारियाकेरच्या थडग्याच्या छतावर निघाला! एकच उंच उभा दगड मोडून त्याचे तुकडे दोन थडग्यांत वापरले होते. तेव्हा थडग्याची तारीख म्हणजे कोरीवकामाची तारीख नव्हे. आणि दगडावर खरंच तारीख मिळाली तरी सावध राहायचं. उत्तरेला सेंत-उझेकचा एक उभा दगड आहे. त्याच्या माथ्यावर दगडातच घडवलेला क्रूस आणि अंगावर ख्रिस्ताच्या छळाची चिन्हं आहेत. हे काम १६७४ चं, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वर्षाचं. दगड उभा राहिला तो त्याच्या काही हजार वर्षं आधी.

किल्ल्यांसाठी मी थोडक्यात आटोपते, कारण तिथे कागदपत्रं असतात. फूजेरचा लाकडी गड दुसऱ्या हेन्रीने ११६६ मध्ये पाडला हे लिहिलेलंच आहे, त्यामुळे आजची दगडी बांधणी त्यानंतरची. पण जिथे कागद नाही तिथे चुना कामी येतो. चुन्याचा गारा घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो, त्याच दिवसाचा कार्बन-१४ आत कोंडला जातो, आणि भिंत किती जुनी ते त्यावरून काढता येतं. चुनखडीचे न भाजलेले खडे राहिले तर उत्तर चुकतं, म्हणून हे काम किचकट आहे. बाबांना आपल्या गडांवरचे चुन्याचे घाणे आठवले. "मग आपल्या गडांचंही काढता येईल की!" येईल, पण तीनशे-चारशे वर्षांच्या काळात कार्बनची रेघ इतकी वेडीवाकडी आहे, की एका नमुन्याला दोन-तीन वेगवेगळी उत्तरं निघतात. तिथे बखरी आणि पत्रंच बरी. योगायोग असा, की त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोच्या एकाच अधिवेशनात कार्नाकचे दगड आणि मराठ्यांचे बारा किल्ले, दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आले.

आता बाबा सांगलीत परत आहेत आणि प्रश्न फोनवर येतात. परवा म्हणाले, नागपूरजवळच्या जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत, ती ह्यांचीच भावंडं का? त्या वर्तुळांची नोंद १८७९ मध्ये छापणारा इंग्रज अधिकारी होता जे. एच. रिव्हेट-कार्नाक. मुंबईचं कर्नाक बंदर ज्याच्या नावाचं, त्याच घराण्यातला. आडनाव वाचून मला हसू आलं. पण विदर्भातली ती वर्तुळं लोखंड वापरणाऱ्या लोकांची आहेत, इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली. मध्ये तीन हजारांहून जास्त वर्षं आणि सगळा आशिया आडवा. दगड गोल लावण्यासाठी कुणी कुणाला शिकवावं लागत नाही, असं मी म्हणाले.

"कशावरून?" बाबा म्हणाले.