पैसा तासांच्या मागे चालू द्या
वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी गेल्या वर्षी बारावी झाली, भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय होते. तिला व्यावसायिक वैमानिक व्हायचे आहे. पुण्यातल्या एका सल्लागाराने अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातले फ्लाइंग स्कूल सुचवले आहे. राहणे-खाणे धरून साठ लाख खर्च सांगतात. त्यातले शिक्षणशुल्काचे चाळीस लाख निघण्यापूर्वी एकरकमी भरले तर दहा टक्के सवलत मिळेल म्हणतात. बँक राहते घर तारण घेऊन कर्ज द्यायला तयार आहे. पैसे एकरकमी भरावेत का? शाळा मध्येच बंद पडली तर ते परत मिळतात का? तिथला परवाना इथे चालतो का? आणि करात काही सवलत आहे का?
— एक पालक, कराड

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण बाकीची तिन्ही त्यातच गुंतलेली आहेत : एकरकमी भरू नका. या व्यवहारात तुम्ही विकत घेता ती वस्तू म्हणजे विमानात काढलेला, लॉगबुकात नोंदलेला आणि पुढे भारतात मान्य होणारा प्रत्येक तास. पाकिटावर छापलेला अभ्यासक्रम ही ती वस्तू नव्हे. तो तास हाती येण्याआधी गेलेला पैसा उधारीवर दिलेला पैसा आहे, आणि उधारी अशा माणसाला दिली आहे की ज्याच्या दारात वसुलीला जाणे तुम्हाला परवडणार नाही. म्हणून देश कोणता आणि शाळा कोणती याच्याही आधी ठरवायचे ते खर्चाचा क्रम. ज्यात थोडा पैसा जातो आणि मोठा धोका टळतो ते आधी. ज्यात मोठा पैसा अडकतो ते शेवटी, आणि तेही टप्प्याटप्प्याने.

परवान्यापासून सुरुवात करू. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामकाने दिलेला व्यावसायिक परवाना, म्हणजे सीपीएल, दाखवून भारतीय कंपनीचे भारतात नोंदलेले विमान उडवता येत नाही. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, म्हणजे डीजीसीएकडून, त्याचे भारतीय परवान्यात रूपांतर करून घ्यावे लागते, आणि त्या वेळी कसोटी भारतीय नियमांची लागते. त्या नियमांनुसार एकूण २०० तास उड्डाण हवे. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड (विमानाची जबाबदारी असलेला वैमानिक) म्हणून, २० तास त्याच भूमिकेत क्रॉस-कंट्री आणि त्यात किमान ३०० सागरी मैलांचा एक प्रवास, शिवाय १० तास इन्स्ट्रुमेंटचे आणि ५ तास रात्रीचे. आता अमेरिकेतला हिशेब पाहा. तिथे ‘पार्ट ६१’ पद्धतीने शिकणाऱ्याला २५० तास लागतात. मंजूर अभ्यासक्रमाच्या ‘पार्ट १४१’ शाळेत मात्र १९० तासांतही सीपीएल मिळू शकतो. युरोपातल्या एकात्मिक अभ्यासक्रमात तर १५० तासांत मिळतो. म्हणजे तिथल्या कायद्याने पूर्ण आणि खरा असलेला परवाना इथल्या टेबलावर दहा किंवा पन्नास तासांनी तोकडा पडू शकतो. सल्लागाराने दिलेल्या कोटेशनमध्ये तास किती आणि त्यातले पायलट-इन-कमांड किती, हे दोन आकडे लेखी नसतील तर साठ लाखांचा आकडा अर्धवट आहे. उरलेले तास त्या दिवशीच्या दराने, डॉलरमध्ये, वेगळे विकत घ्यावे लागतील.

क्रमाचे महत्त्व याच नियमांतल्या एका छोट्या अटीतून जास्त कळते. अर्जाच्या तारखेपूर्वीच्या सहा महिन्यांत पायलट-इन-कमांड म्हणून किमान १५ तास झालेले असावे लागतात. आता नेहमीचा क्रम डोळ्यांसमोर आणा. मुलगी तिकडून परवाना घेऊन येते, मग इथे डीजीसीएच्या नेव्हिगेशन, हवामानशास्त्र आणि एअर रेग्युलेशन या विषयांच्या अभ्यासाला बसते. एखादा विषय राहतो, पुढच्या सत्राची वाट पाहावी लागते, रेडिओ टेलिफोनीची परीक्षा वेगळीच. तोवर सहा महिने उलटून जातात आणि ते पंधरा तास पुन्हा पैसे मोजून उडावे लागतात. उलटा क्रम धरला तर हा खर्च उद्भवतच नाही. बारावी झालेली असल्याने ती डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर, म्हणजे परीक्षेसाठीचा नोंदणी क्रमांक, घेऊन हे पेपर आत्ताच देऊ शकते. त्याहीआधी क्लास टू आणि मग क्लास वन मेडिकल करून घ्यावे. रंगदृष्टीतला दोष, कानाची तक्रार, ईसीजीतला बारीकसा फरक हे इथे काही हजारांत कळते. तेच चाळीस लाख भरल्यावर कळले तर ते पैसे शिक्षणावर खर्च झाले असे म्हणायलाही जागा उरत नाही. ‘परीक्षांत सात-आठ महिने वाया जातील’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्र अमेरिकेतही शिकावेच लागते, फक्त तिथे ते शिकताना राहण्याचा खर्च डॉलरमध्ये चालू असतो. शिवाय हे पेपर मुलीला झेपतात का, याचे उत्तर घर तारण टाकण्यापूर्वी मिळते. या माहितीची किंमत सात-आठ महिन्यांपेक्षा मोठी आहे.

आता सवलतीचे गणित. चाळीस लाखांवर दहा टक्के म्हणजे चार लाख वाचतात आणि तुम्ही छत्तीस लाख आगाऊ भरता. हे कर्जाचे पैसे आहेत. व्याज अकरा टक्के धरू. तेच पैसे वर्षभरात टप्प्याटप्प्याने उचलले असते तर सरासरीने निम्म्याच रकमेवर व्याज लागले असते. म्हणजे एकरकमी भरल्याने वर्षाचे जवळपास दोन लाख व्याज जादा पडले. उरलेला खरा फायदा दोन लाखांचा, आणि त्यासाठी छत्तीस लाख विनातारण दुसऱ्याच्या हाती. शाळा बंद पडली तर विद्यार्थी हा साधा धनको ठरतो. विमानांवर ज्यांचे कर्ज किंवा भाडेपट्टा आहे त्यांचा हक्क आधी, आणि रांगेच्या शेवटी तुमची मुलगी. हे नुसते भीती घालणे नाही. नेवाडा राज्यातल्या सिल्व्हर स्टेट हेलिकॉप्टर्स या अमेरिकाभर शाखा असलेल्या प्रशिक्षण संस्थेने फेब्रुवारी २००८ मध्ये एका रविवारी अचानक काम थांबवून दिवाळखोरी पत्करली. पूर्ण शुल्काचे कर्ज काढून ते आगाऊ भरलेले हजारो विद्यार्थी परवान्याविना राहिले, कर्ज मात्र त्यांच्या नावावर कायम राहिले.

हा धोका सगळीकडे सारखा नाही, आणि देश निवडताना ही बाब शुल्काच्या आकड्याइतकीच तोलून पाहावी. ऑस्ट्रेलियात परदेशी विद्यार्थ्यांसाठी २००० सालचा स्वतंत्र कायदा आहे. संस्था बंद पडली तर ‘ट्यूशन प्रोटेक्शन सर्व्हिस’ ही सरकारी व्यवस्था विद्यार्थ्याला दुसरीकडे जागा मिळवून देते किंवा न शिकवलेल्या भागाचे शुल्क परत करते. पंचवीस आठवड्यांहून मोठ्या अभ्यासक्रमासाठी संस्थेला सुरुवातीपूर्वी निम्म्याहून जास्त शुल्क मागताही येत नाही. न्यूझीलंडमध्येही खासगी संस्थांना विद्यार्थ्यांचे आगाऊ शुल्क संरक्षित ठेवावे लागते. बहुधा ते विश्वस्ताकडे असते आणि शिकवणे होईल तसे संस्थेला मिळते. अमेरिकेतल्या फ्लाइंग स्कूलना देशभर लागू असे कवच नाही. तिथल्या शाळेला व्हिसाची कागदपत्रे देण्याची मान्यता असते, पण ती मान्यता म्हणजे तुमच्या पैशांची हमी नव्हे. म्हणून अमेरिका निवडायची तर हे कवच करारातच घालून घ्यावे लागते : प्रत्येक टप्प्याचे शुल्क त्या टप्प्याच्या सुरुवातीला, खात्यात एका वेळी दोन-तीन आठवड्यांच्या उड्डाणांपुरतीच रक्कम, आणि न वापरलेली रक्कम किती दिवसांत, किती कापून परत मिळेल याचे स्पष्ट कलम. ‘व्हिसासाठी पैसे आधीच भरावे लागतात’ असे कोणी सांगितले तर ते खरे नाही. व्हिसासाठी सगळा खर्च भागवण्याची ऐपत दाखवावी लागते, आणि त्यासाठी बँकेचे कर्जमंजुरीपत्र पुढे ठेवता येते. ऐपत दाखवणे आणि पैसे देऊन मोकळे होणे यांत फरक आहे.

फसवणूक झालीच तर दाद कुठे मागायची? परदेशी शाळेविरुद्ध कराडहून लढणे कागदावर शक्य असले तरी वसुली कठीण, कारण तिची मालमत्ता इथे नसते. हाताशी असतो तो सल्लागार. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. शिक्षणसंस्था या कायद्याखाली येत नाहीत अशी भूमिका राष्ट्रीय आयोगाने २०२० मध्ये घेतली होती, आणि शाळेचे वकील तीच ढाल पुढे करतात. पण सल्लागार शिकवत नाही, तो शुल्क घेऊन सेवा देतो. त्यामुळे ती ढाल त्याच्या कामी सहज येणार नाही. फक्त त्यासाठी त्याची आश्वासने लेखी असायला हवीत आणि त्याच्या शुल्काची पावती वेगळी असायला हवी. शाळेचे शुल्क त्याच्या खात्यात रुपयांत कधीही भरू नका. ते तुमच्या बँकेतून थेट शाळेच्या नावे गेले पाहिजे.

कर्ज आणि कराकडे याच सूत्राने पाहा. भारतीय बँक्स असोसिएशनच्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेत वैमानिक प्रशिक्षण बसते. परदेशी शाळेला तिथल्या विमान वाहतूक प्राधिकरणाची मान्यता असली पाहिजे. मात्र बँक घरावर सर्वसाधारण तारणकर्ज देत असेल तर थांबा, मंजुरीपत्रावर शिक्षणकर्ज असेच नाव हवे. शिक्षणकर्जाच्या व्याजाची वजावट मुलांच्या शिक्षणासाठी पालकालाही मिळते, रकमेची कमाल मर्यादा नाही, मुदत आठ वर्षे. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत. परदेशी पाठवलेल्या पैशांवर बँक आधीच गोळा करते तो कर, म्हणजे टीसीएसही, मान्य वित्तसंस्थेच्या शिक्षणकर्जातून गेलेल्या रकमेवर १ एप्रिल २०२५ पासून लागत नाही. स्वतःच्या बचतीतून पाठवाल तर आर्थिक वर्षातल्या पहिल्या १० लाखांपर्यंत तो नाही. त्यापुढे कापला गेलेला टीसीएस विवरणपत्रात वळता होतो किंवा परत मिळतो. टप्प्याटप्प्याने भरण्याचा इथेही लाभ आहे : प्रशिक्षण दोन आर्थिक वर्षांत विभागले तर ही दहा लाखांची मर्यादा दोनदा वापरता येते.

मोठा आकडा मात्र वेगळाच आहे. साठ लाख सगळे कर्जाऊ, दर अकरा टक्के, दीड वर्ष प्रशिक्षण आणि त्यापुढे एक वर्ष सवलतीचा काळ धरू. या अडीच वर्षांत हप्ता नाही म्हणून व्याज न भरता सोडले, आणि रक्कम सुरुवातीलाच उचललेली असली, तर साडेसोळा लाख मुद्दलात मिळतात. मग दहा वर्षांचा हप्ता महिना एक लाख पाच हजारांच्या आसपास जातो. व्याज वेळच्या वेळी भरले असते तर तोच हप्ता सुमारे ८२,६०० राहिला असता. यात टाइप रेटिंग, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या विमानाचे प्रशिक्षण, नाही; ए३२० सारख्या विमानासाठी ते बहुतेकदा स्वतःच्या खिशातून करावे लागते आणि त्याचा खर्च दहा-पंधरा लाखांच्या घरात जातो. ‘विमान कंपन्यांना वैमानिक मिळत नाहीत’ असे तुम्ही वाचले असेल. खरे आहे : एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. पण टंचाई मुख्यतः अनुभवी वैमानिकांची असते. कॅप्टन होण्यासाठीच्या एटीपीएल या परवान्याला १,५०० तास लागतात, आणि दोनशे तासांच्या नवख्यांची रांग लांब आहे. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिक त्याच बाजारात नोकरी शोधत आले. बँकेचा सवलतीचा काळ एक वर्षाचा आहे. नोकरीची वाट त्याहून लांबू शकते, असे धरूनच कर्जाची रक्कम ठरवा. ‘तिथेच प्रशिक्षक होऊन पैसे फिटतील’ हे गणितही तपासा. फ्लाइंग स्कूलसाठी बहुधा मिळणाऱ्या एम-१ व्हिसावर शिकताना नोकरी करता येत नाही, नंतरचे व्यावहारिक प्रशिक्षण जास्तीत जास्त सहा महिन्यांचे, आणि तिथे राहून एफ-१ या दुसऱ्या विद्यार्थी व्हिसात बदल करता येत नाही.

मग बाहेर जाऊच नये का? तसे माझे म्हणणे नाही. गोंदिया, बारामती किंवा रायबरेलीजवळचे फुरसतगंज इथल्या प्रशिक्षण संस्था देशातच आहेत, रूपांतराचा खटाटोप नाही. पण पावसाळा, विमानांची आणि प्रशिक्षकांची कमतरता यांमुळे दोनशे तास रेंगाळू शकतात, आणि रेंगाळलेल्या प्रत्येक महिन्यालाही व्याज लागते. डीजीसीए २०२५ पासून भारतीय प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देऊ लागले आहे, ती पाहून तुलना करा. फ्लोरिडात वर्षातले बहुतेक दिवस उडता येते, हा फायदा खराच. पण तो फायदा उडाल्यावर मिळतो, भरल्यावर नाही. तेव्हा या महिन्यात एवढेच करा : मुलीचे मेडिकल आणि कॉम्प्युटर नंबरचा अर्ज. सल्लागाराकडे तासांचे दोन आकडे आणि टप्प्यांचे वेळापत्रक लेखी मागा. ते द्यायला शाळा तयार झाली तर बोलणी पुढे न्या. तयार नसेल, तर चार लाखांच्या सवलतीत ती कशाची किंमत लावत होती, ते तुम्हाला घर तारण न टाकताच कळलेले असेल.