राहणाऱ्यांची साक्ष : उकाडा, गारवा आणि इमारत

भीमाकाठच्या वडगाव रासाई परिसरातील वैशाखाचे ऊन वाचकांस परिचित आहे. अशा दिवसांत वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावरील विद्यार्थी मध्यरात्रीपर्यंत तळमळतो, तर तळमजल्यावरील विद्यार्थी शांत निजलेला असतो. इमारत एकच, अनुभव मात्र दोन. मग उकाडा किती, हे ठरवावयाचे कोणी?

डेन्मार्कचे शास्त्रज्ञ ओले फांगर यांनी १९७० साली प्रसिद्ध केलेले सुखावहतेचे गणित मुख्यत्वे प्रयोगशाळेतील निरीक्षणांवर आधारलेले होते. पंखा, उघडी खिडकी आणि सुती कपडे यांच्या आधारे राहणाऱ्या आपल्या लोकांचा अनुभव त्यात पुरेसा उमटत नव्हता. म्हणून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली व शिमला येथील कार्यालयांत जाऊन माणसांनाच विचारले. सहा हजारांहून अधिक उत्तरांतून २०१४ साली भारतीय प्रतिमान सिद्ध झाले व २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेत त्यास स्थान मिळाले.

त्याचे सूत्र सोपे आहे. नैसर्गिक वायुवीजन असलेल्या इमारतीत, बाहेरील गेल्या काही दिवसांच्या सरासरी तापमानास ०.५४ ने गुणून १२.८३ मिळवावे. बाहेरची सरासरी ३० अंश असल्यास सुखावह तापमान सुमारे २९ अंश येते. २० अंश असल्यास सुमारे २३.६. दोन्ही बाजूंस सुमारे २.४ अंशांचा फरक बहुतेकांस चालतो. अर्थात ऋतूबरोबर माणसाची अपेक्षाही बदलते. बारमाही एकाच आकड्यावर यंत्र चालविणे म्हणजे विजेचा अपव्यय होय. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या हिशेबाने वातानुकूलन यंत्राचे तापमान एक अंशाने वाढविल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते.

हे सूत्र कार्यालयांतील उत्तरांतून आले आहे. वसतिगृहाने आपली साक्ष स्वतःच गोळा करावी. त्यासाठी एक वही व एक तापमापक पुरेसा आहे. दिनांक, वेळ, खोली व तापमान लिहून प्रत्येकास दोन प्रश्न विचारावेत : आत्ता कसे वाटते? अधिक गार हवे, अधिक उबदार हवे, की आहे तसेच बरे? उत्तरे निनावी असावीत. कारण धाकटी मुले मोठ्यांसमोर तक्रार करीत नाहीत.

उत्तरांची केवळ सरासरी काढू नये. निम्मे उकाड्याने व निम्मे थंडीने त्रस्त असतील, तर सरासरी ‘सर्व ठीक’ असे सांगेल आणि सुखी मात्र कोणीच नसेल. म्हणून खोली व वेळेनुसार नोंदी मांडाव्यात. तक्रार दुपारनंतर पश्चिमेच्या खोल्यांतून येत असेल, तर त्या भिंतीस सावली हवी. रात्री वरच्या मजल्यावरून येत असेल, तर दिवसभर तापलेला स्लॅब उष्णता सोडीत आहे. गच्चीस पांढरा चुना द्यावा व रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात. संगणक कक्षात एक कोपरा गोठत व दुसरा तापत असेल, तर तापमान आणखी उतरविण्यापूर्वी यंत्राची जाळी व हवेचा झोत तपासावा.

उपायानंतर तेच प्रश्न त्याच खोल्यांत पुन्हा विचारावेत. तेव्हाच उपाय लागू पडला की नाही, ते कळते. विचारून काहीच न केल्यास पुढल्या वेळी खरे उत्तर मिळत नाही. जे माजी विद्यार्थी त्या वरच्या मजल्यावर निजले आहेत, त्यांनी आपल्या आठवणीचे पहिले पान या वहीत अवश्य लिहावे.