बाई व्हायचंय ना, मग आधी हे ऐक

छकुले, परवा फोनवर म्हणालीस, "आत्या, बारावीनंतर मला तुझ्यासारखं बाई व्हायचंय." ऐकून बरं वाटलं, आणि लगेच आठवलं की तुझी आत्या बाई होता होता किती ठिकाणी आपटली होती. तुझ्या बाबांचं सोसायटीचं कर्ज अजून फिटायचंय, तेही ठाऊक आहे मला. म्हणून कमी पैशात कसं जमेल तेवढंच सांगते. वहीत उतरवून घे, मोबाइलवर नको. तुझा मोबाइल दर सहा महिन्यांनी पाण्यात पडतो.

१. छोट्यांना शिकवायचंय की मोठ्यांना, ते आधी ठरव — पहिली ते पाचवीसाठी बीएड चालत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये तसा निकालच दिलाय. तुझे बाबा म्हणतात तसं "आधी पदवी, मग बीएड" केलंस तर पाच वर्षं जातील आणि छोट्यांचा वर्ग तरीही मिळणार नाही.

२. छोट्यांत रमणार असशील तर दोन वर्षांचं डीएड कर, आता त्याला डीएलएड म्हणतात — सगळ्यांत जवळची नि स्वस्तातली वाट तीच. प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो, वेगळी सीईटी नाही. खुल्या वर्गाला ४९.५ टक्के लागतात, राखीवला ४४.५.

३. पसंतीक्रमात आपल्या जिल्ह्याचं डाएट, म्हणजे सरकारी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, आणि अनुदानित अध्यापक विद्यालयं वर टाक — फीमधला खरा फरक तिथेच आहे. चकचकीत इमारत बघून हुरळू नकोस. मांडव बघून पंगतीला बसलेल्याला आमटी पातळ आहे हे उशिरा कळतं.

४. फीच्या शेजारी एसटीचा पास, खोलीभाडं आणि खानावळही मांड — फी हलकी नि वाट लांब, तर गाठोडं जडच.

५. मोठ्यांना शिकवायचं असेल तर बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम बघ, पदवी आणि बीएड एकत्रच — एक अख्खं वर्ष वाचतं, आणि वर्ष वाचलं म्हणजे त्या वर्षाचं जेवणखाणही वाचलं. आयटेप नावाच्या नव्या अभ्यासक्रमासाठी एनसीईटी ही परीक्षा असते, ती मराठीतूनही देता येते. भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था सरकारी आहे आणि महाराष्ट्र तिच्याच क्षेत्रात येतो. मुलीला लांब कसं पाठवायचं म्हणून तुझी आई कुरकुरेल, तिला मी बघते.

६. पैसे भरण्याआधी संस्थेला एनसीटीईची मान्यता आहे का ते स्वतः तपास — मान्यता नसेल तर प्रमाणपत्र फक्त चौकटीत लावायच्या कामाचं.

७. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, जातपडताळणी, जे जे तुला लागू असेल ते निकालाआधीच काढून ठेव — दही नि दाखला, दोन्ही आदल्या दिवशी लावावे लागतात. माझा दाखला तालुक्याला अडकला, मुदत टळली, आणि मी वर्षभर घरी बसून तुझ्या बाबांचे स्वेटर विणले. एकही त्याच्या मापाचा झाला नाही.

८. प्रवेश केंद्रीय फेरीतूनच घे, व्यवस्थापन कोट्याला हात लावू नकोस — शिष्यवृत्ती नि फीमाफी बहुतेक फेरीवाल्यांनाच मिळते. ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी २०२४ पासून माफ आहे. तुझा त्यात बसतो का, ते पहिल्याच दिवशी कार्यालयात विचार.

९. महाडीबीटी पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज दरवर्षी भर आणि बँक खातं आधारशी जोडलेलं ठेव — मंजूर झालेले पैसे खात्याच्या दारातून परत जातात तेव्हा फार जीव जळतो.

१०. मूळ कागद कुठेही ठेवून येऊ नकोस, दाखवून परत घे — माझे एका कार्यालयात दीड वर्ष अडकले होते, आणि तिथला शिपाई मला बघितलं की चहा प्यायला निघून जायचा.

११. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, गल्लत करू नकोस — टीईटी ही पात्रता, तीत १५० पैकी ९० मिळाले की पास (राखीवला सूट आहे) आणि प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. टेट २०० गुणांची, आणि शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागतो तो तिच्या गुणांवर. एकीत पास व्हायचं, दुसरीत पुढे जायचं.

१२. "पास करून देतो" म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नकोस — २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवून घेतल्याचं उघड झालं आणि साडेसात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले. शेत विकून दिलेले पैसे कोण परत करणार?

१३. नोकरी लागली की हप्त्यावर काही घेऊ नकोस — पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधन, प्राथमिकला महिना १६,०००. २०२३ च्या आधी ते ६,००० होतं, तेव्हा तू नशीबवानच.

१४. डीएड झाल्यावर भरतीची वाट बघत रिकामी बसू नकोस, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पदवीला नाव घाल — २०१२ नंतर भरती जवळपास थांबली तेव्हा माझ्याकडे सराव पाठ घेतलेली हुशार पोरं वर्षानुवर्षं लटकली. मी बीए असंच केलं, तुझा आतेभाऊ पाळण्यात होता तेव्हा. त्याची अंगाई म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाच्या नोट्स.

१५. आत्तापासून गल्लीतल्या दोन पोरांना रोज अर्धा तास शिकव, पैसे घेऊ नकोस — पहिला सराव पाठ घेताना पाय लटपटणार नाहीत. चिंचोके नि बाटल्यांची झाकणं जमवत जा, गणिताच्या तासाला त्याहून चांगलं साहित्य नाही.

रविवारी ये. माझा जुना लाकडी फळा माळ्यावर आहे, तो तुला देऊन टाकते. फक्त येताना बाबांनाही आण, शिडी धरायला कुणीतरी हवं.